नारायण वामन टिळक आणि त्यांच्या घरचा क्रूस

उत्तम शुक्रवारच्या दुपारीं आपल्या अहमदनगर जिल्ह्यांतील (२०२४ सालीं त्याचें नांव अहिल्यानगर झालें) ज्या ज्या मंदिरांत उपासना होते, त्यांपैकीं पुष्कळ ठिकाणीं नारायण वामन टिळकांचें एखादें तरी पद गाइलें जातें. वडीलधाऱ्या बायांना तें मुखोद्गत असतें. पुस्तक हातांत असलें तरी त्या उघडीत नाहींत. परंतु तें पद रचणारा पुरुष याच जिल्ह्यांत वर्षानुवर्षें राहिला, येथेंच त्यानें अध्यापन केलें, आणि त्याचा मोडून पडलेला संसारही येथेंच पुन्हां उभा राहिला, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असते. पाठ्यपुस्तकांतून त्यांना टिळक भेटतात ते फुलामुलांचे कवि म्हणून. कित्येकांची तर टिळक हें नांव ऐकतांच लोकमान्यांकडे धांव जाते. त्यांत नवल नाहीं. दोघेही रत्नागिरी जिल्ह्यांतले, दोघेही चित्पावन, आणि दोघांच्या वयांत अंतर अवघें पांच वर्षांचें. पण ज्या टिळकांविषयीं येथें लिहावयाचें आहे, त्यांची वाट अगदींच निराळी होती.

ती वाट समजण्यासाठीं आधीं क्रूस या शब्दाविषयीं चार शब्द सांगणें भाग आहे. हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आला. मराठी पवित्र शास्त्रांत त्याला वधस्तंभ असा प्रतिशब्द योजिलेला आहे, आणि खरें पाहतां अर्थाच्या दृष्टीनें तोच अधिक प्रामाणिक आहे. रोमी राज्यांत ही शिक्षा दासांना व बंडखोरांना देत. रोमी नागरिकाला ती सहसा देत नसत. ज्याला ठार मारावयाचें, त्याच्याच खांद्यावर तें लांकूड देऊन त्याला भर रस्त्यानें चालवीत. मरणापेक्षां अप्रतिष्ठा मोठी असावी हाच त्या शिक्षेचा हेतु. तोच क्रूस आतां देवळाच्या शिखरावर, थडग्यावर आणि गळ्यांतील साखळीच्या टोकास शोभून दिसतो. आणि नेहमीं डोळ्यांपुढें असल्यामुळें त्याची धग आपल्याला लागत नाहीं.

आणखी एक घोंटाळा आमच्या लोकांत फार आहे. आजार आला, कर्ज झालें, मुलगा नापास झाला, कीं हा माझा क्रूस असें आपण सहज म्हणून जातों. वास्तविक तो क्रूस नव्हे, तो भोग होय. भोग टळत नाहीं. तो कपाळीं आला म्हणजे सोसावाच लागतो, मग आपण हंसत सोसा कीं रडत सोसा. क्रूस मात्र टाळतां येतो. बाजूस सरून जाण्यास वाट मोकळी असतांना, दुसऱ्याच्या प्रेमासाठीं जो आपण होऊन उचलला जातो, तोच क्रूस. प्रभु येशूला गेथशेमाने बागेंतून रात्रीच्या अंधारांत निघून जातां आलें असतें. तो गेला नाहीं. आणि आपल्या शिष्यांनीं क्रूस उचलावा या त्याच्या आज्ञेंत लूकानें आपल्या शुभवर्तमानांत दररोज हा एक शब्द अधिक नोंदविला आहे. त्या एका शब्दानें क्रूस गुलगुथा टेंकडीवरून खालीं उतरतो आणि आपल्या चुलीपाशीं येऊन उभा राहतो. टिळकांच्या घरांत तो कसा आला, आणि कोणी किती वाहिला, हें आतां पाहूं.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें झाला. वडील वामनराव सरकारी नोकरींत होते. स्वभाव करडा, राग नाकावर. आई जानकीबाई मायाळू, देवभोळी आणि कवितेची आवड असलेली. मुलगा आईच्या छायेंत वाढला. तो बारा वर्षांचा होण्याच्या सुमारास आई वारली, आणि बापाच्या घरांत त्याचें मन लागेना. घर सोडून तो नाशकास आला. तेथें गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाच्या पायांशीं बसून त्यानें संस्कृताचा अभ्यास केला. थोडें इंग्रजी शाळेंत, पुष्कळसें स्वतःच्या हिंमतीवर, असें त्याचें शिक्षण झालें. मोठी पदवी त्यांच्या नांवापुढें कधींच लागली नाहीं; तरीही पुढें संस्कृताचे जाणते म्हणून त्यांचा लौकिक झाला.

१८८० सालीं त्यांचा विवाह झाला. वधू नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, वय अकरा-बारा वर्षांचें. सासरीं तिचें नांव लक्ष्मी ठेवलें. हिच्या माहेरीं सोंवळ्याचें अतोनात वेड होतें. बाहेरून आलेला प्रत्येक जिन्नस धुऊन घ्यावयाचा, शिवाशीव टाळावयाची, आणि तेंही इतकें कीं त्या जाचानें घरांतलीं माणसें रडकुंडीस येत. शाळेचें तोंड तिनें पाहिलें नव्हतें. तिला अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण या कथेच्या शेवटाशीं तिचा संबंध आहे.

टिळकांच्या पायांवर चक्र होतें. कोठें शिक्षक, कोठें कीर्तनकार, कोठें पुराणिक, कोठें संपादक. एका गांवीं बिऱ्हाड मांडावें, चार भांडीं जमवावीं, आणि एके दिवशीं कोणास न सांगतां निघून जावें, असा क्रम कित्येक वर्षें चालला. हातांत पैसा आला कीं तो दुसऱ्याच्या हातांत जाई. राग तर वडिलांपासून वारशानें आलेलाच होता. संत-चरित्रें लिहितांना आमचे लोक असल्या गोष्टी झांकून ठेवतात. पण लक्ष्मीबाईंनीं त्या झांकल्या नाहींत, आणि त्यामुळें टिळकांविषयींचा आदर तिळमात्र कमी झालेला नाहीं. वणवण करणारा हा मनुष्य आळशी किंवा चंचल नव्हता. तो कांहीं शोधीत होता. देव एक, माणसें सारीं भावंडें, जातिभेद खोटा, मूर्तिपूजा नको, अशा तत्त्वांवर आपणच एक नवा धर्म स्थापावा असेंही त्यांच्या मनांत घोळत असे.

नागपुरास अप्पासाहेब बुटी यांचा आश्रय त्यांना मिळाला. तेथें धर्मचर्चेसाठीं ऋषि या नांवाचें मासिकही त्यांनीं चालविलें. पुढें राजनांदगांव संस्थानांत नोकरी लागली. १८९३ सालीं त्या बाजूस आगगाडीनें जात असतां डब्यांत एका युरोपियन प्रवाशाची गांठ पडली. बोलणें कवितेवरून निघालें व धर्मावर गेलें. त्या गृहस्थानें निरोप घेतांना नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हातीं ठेविली, ती मनःपूर्वक वाचण्याची विनंति केली, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकितही केलें. टिळकांना तें भाकित मुळींच आवडलें नाहीं. पण वचन दिलें म्हणून पुस्तक उघडलें. मत्तयाच्या पांचव्या अध्यायापाशीं, म्हणजे डोंगरावरील प्रवचनापाशीं, ते आले आणि तेथेंच खिळले. शत्रूवर प्रेम करा, एका गालावर मारणाऱ्यापुढें दुसरा करा, हें सांगणारे पुष्कळ असतील. पण सांगितल्याप्रमाणें मरतांना वागणारा, खिळे ठोकणाऱ्यांसाठींच क्षमा मागणारा गुरु त्यांना दुसरा दिसेना. तुकोबांच्या अभंगांनीं त्यांचें मन आधींच नांगरून ठेविलेलें होतें. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते पुढें नेहमीं सांगत.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला. परदेशीय मिशनरी हाताशीं असतांही तो त्यांनीं एका भारतीय पाळकाच्या हातून घेतला. आपण धर्म बदलीत आहों, देश बदलीत नाहीं, हें त्यांना पहिल्या दिवसापासून दाखवावयाचें होतें.

त्या काळीं ब्राह्मणानें ख्रिस्ती होणें म्हणजे काय होतें याची कल्पना आजच्या मुलांना येणें कठीण आहे. जात गेली, आप्त गेले, पंगत गेली, पाणवठा गेला. जिवंतपणीं मेल्यांत जमा. ही सगळी अप्रतिष्ठा टिळकांनीं डोळे उघडे ठेवून पत्करली. टाळतां येण्यासारखी होती, ती टाळली नाहीं. मघां सांगितलेल्या अर्थानें तो त्यांचा क्रूस होता, यांत शंका नाहीं.

पण त्याच दिवशीं त्यांच्या पत्नीच्या वांट्यास काय आलें? तिला कोणी विचारलें नव्हतें. बातमी येऊन पोंचली तेव्हां तिच्यावर आकाश कोसळलें. कपाळीं कुंकू आहे, पण संसार नाहीं; नवरा जिवंत आहे, पण त्याच्या हातचें पाणी चालत नाहीं. विधवेला निदान दुःख करण्याची मोकळीक असे. हिला तीही नव्हती. लहानग्या दत्तूला पोटाशीं धरून ती नातलगांच्या आधारानें कांहीं काळ पंढरपुरास, कांहीं काळ नाशकास राहिली. लोकांचे टोमणे, कींव, उपदेश, सगळें ऐकून घेतलें. याच वियोगांत तिच्या हातून पहिली कविता झाली. चार-साडेचार वर्षें हें चाललें.

येथें आम्हांस थोडें थांबून स्पष्ट बोललें पाहिजे. धर्मवीरांचीं चरित्रें वाचतांना आपण वीराकडे पाहतों, आणि त्याच्या मागें घरीं राहिलेल्या माणसाला विसरतों. टिळकांनीं आपला क्रूस उचलला खरा. परंतु त्याचें दुसरें टोंक जिच्या खांद्यावर पडलें, तिनें तो उचललेला नव्हता. तिच्या दृष्टीनें तो केवळ भोग होता. शुभवर्तमानांत कुरेनेकर शिमोनाची गोष्ट आहे. तो बिचारा शेतावरून येत होता. शिपायांनीं त्याला धरलें आणि येशूचा क्रूस बळेंच त्याच्या खांद्यावर दिला. लक्ष्मीबाईंची स्थिति अगदीं तशी होती. ध्येयासाठीं सर्वस्व सोडणाऱ्या प्रत्येक पुरुषानें, आणि हल्लींच्या काळीं प्रत्येक स्त्रीनेंही, ही शिमोनाची गोष्ट एकदां तरी वाचावी.

टिळकांना हें कळत नव्हतें असें नाहीं. १८६६ सालच्या एका कायद्यानें, ख्रिस्ती झालेल्या मनुष्यास, त्याचा जोडीदार नांदावयास येत नसेल तर कोर्टांतून विवाहबंध सोडवून घेण्याची वाट करून दिलेली होती. चार वर्षें एकटें राहणाऱ्या तरुण मनुष्याला ती वाट मोहाची वाटली नसती तरच नवल. टिळक तिकडे वळले नाहींत. ते पत्रें लिहीत राहिले, भेटी घेत राहिले, अपमान सोसून सासुरवाडीच्या दारांशीं जात राहिले. बाप्तिस्म्याच्या दिवशीं एकदां उचललेला क्रूस सोपा. रोज उठून दाराशीं जाऊन परत फिरण्याचा अवघड. लूकाचा दररोज हा शब्द येथें दिसतो.

शेवटीं लक्ष्मीबाई नगरास आल्या. आल्या म्हणजे सगळें मिटलें असें मात्र नाहीं. त्या ब्राह्मणी रीतीनें राहत. त्यांची चूल निराळी, पाणी निराळें, सोंवळें निराळें. टिळकांनीं त्यांच्यावर सक्ति केली नाहीं. ज्या मनुष्याला क्षुल्लक कारणावरून संताप येई, त्यानें या एका बाबतींत जी शांतता राखली तिचें मोल आम्हांस त्याच्या साऱ्या काव्यापेक्षां कमी वाटत नाहीं. पुढें बिऱ्हाड राहुरीस गेलें. तेथें एके दिवशीं लक्ष्मीबाईंच्या मनांत विचारांची साखळी सुरू झाली. माणसें देवानें केलीं. जाती कोणी केल्या? देवानें केल्या असत्या तर पशुपक्ष्यांप्रमाणें त्या पाहतांच ओळखूं आल्या नसत्या का? हा भेद माणसांनींच केला, अशी त्यांची खात्री झाली, आणि त्या क्षणापासून कोणाच्याही हातचें खाण्यापिण्यास त्यांनीं मनाची तयारी केली. कोणी उपदेशक तेथें नव्हता, वादविवाद झाला नव्हता. ज्या बाईचें बालपण सोंवळ्याच्या ओल्या लुगड्यांत गेलें, तिनें तें ओझें एकटीनें विचार करून उतरविलें. १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. बळेंच खांद्यावर आलेलें लांकूड त्यांनीं आतां आपल्या हातांनीं धरलें.

हा काळ मोठा बिकट होता. १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ, ज्याला आपले जुने लोक छपन्नचा दुष्काळ म्हणत, आपल्या जिल्ह्याच्या उरावर बसला होता. पोरकीं मुलें रस्त्यांतून हिंडत होतीं. नगरास अमेरिकन मराठी मिशनचें काम १८३१ पासून चाललेलें होतें; त्या मिशननें अनाथांसाठीं घरें उघडलीं. टिळक मिशनच्या धर्मशिक्षण-विद्यालयांत शिकवीत होते. त्यांच्या घरीं विद्यार्थी, पाहुणे, भुकेलेले यांची वर्दळ सतत असे. घरांत किती धान्य आहे याची चौकशी न करतां टिळकांनीं माणसें आणावयाचीं, आणि लक्ष्मीबाईंनीं तीं जेवूं घालावयाचीं, अशी वांटणी होती. पुढें नगरावर प्लेगचें संकट आलें तेव्हां लक्ष्मीबाई रोग्यांच्या शुश्रूषेस गेल्या. शिवाशिवीच्या भयानें ज्यांनीं कधीं परक्याचें वस्त्र हातीं धरलें नव्हतें, त्यांनीं गांठी आलेल्या, तापानें फणफणलेल्या अनोळखी माणसांचीं अंथरुणें केलीं. क्रूसाचा अर्थ विचारणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही पुष्कळदां व्याख्या सांगूं लागतों. त्यापेक्षां हें चित्र त्याच्यापुढें ठेवणें बरें.

१९०४ सालीं टिळकांना पाळकपणाची दीक्षा मिळाली. मराठी ख्रिस्ती मंडळींची भाषा आणि गाणें आपल्या मातीचें व्हावें यासाठीं त्यांनीं जो उद्योग केला तो सर्वश्रुत आहे. नगरास कृष्णराव सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधींच घालून दिली होती. टिळकांनीं ती रुंद केली. विलायती चालींच्या भाषांतरित गीतांच्या शेजारीं त्यांनीं अभंग, ओव्या, पदें आणून बसविलीं. भजनाला टाळ-मृदंग शोभतो, आणि ख्रिस्ताला गुरुमाउली म्हणण्यांत कांहीं वावगें नाहीं, हें त्यांनीं लोकांस गाऊन पटविलें. १८४२ सालीं याच नगरांत जन्मलेल्या ज्ञानोदय पत्राच्या मराठी विभागाचें संपादन १९१२ पासून त्यांनीं मरेपर्यंत केलें.

बालकवि ठोमरे यांची हकीकत येथें सांगितली पाहिजे. १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत या सतरा वर्षांच्या मुलाची प्रतिभा सर्वांच्या नजरेंत भरली. टिळकांनीं त्याला आपल्या घरीं आणलें आणि पोटच्या पोराप्रमाणें सांभाळलें. त्याचे रुसवे-फुगवे काढण्याचें काम अर्थातच लक्ष्मीबाईंकडे होतें. इतक्या निकट सहवासांत राहूनही ठोमरे ख्रिस्ती झाले नाहींत, आणि टिळकांनीं प्रेमाची किंमत म्हणून तसें मागितलेंही नाहीं. १९१८ च्या मे महिन्यांत भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं सांपडून तो तरुण कवि गेला, तेव्हां टिळकांचें घर पुत्रशोकांत बुडालें. ज्या विद्यार्थ्यांना टिळकांची पारध्याच्या बाणानें घायाळ झालेल्या पक्षिणीची कविता पाठ आहे, त्यांनीं ती एकदां या दृष्टीनें वाचून पाहावी. मरणाच्या वेदनेंतही पिलांच्या तोंडीं चारा घालण्यासाठीं घरट्यापर्यंत येणारी ती पक्षीण लिहिणाऱ्या कवीच्या मनांत कोणाचें मरण घर करून बसलें असेल, हें ओळखणें फारसें अवघड नाहीं. निदान आम्हांस तरी तसें वाटतें.

१९१७ सालीं टिळकांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली. वय पंचावन्न उलटलेलें, प्रकृति खालावलेली, गांठीस कांहीं नाहीं. मिशनरी धनी आणि हिंदी ख्रिस्ती चाकर हें नातें त्यांना फार दिवसांपासून सलत होतें, आणि त्याविषयीं त्यांनीं ज्ञानोदयांत निर्भीडपणें लिहिलेंही होतें. परंतु केवळ मिशनशीं भांडण म्हणून त्यांनीं हें केलें नाहीं. आपण पगार घेऊन ख्रिस्त सांगतों, मग ऐकणाऱ्यानें आपल्यावर विश्वास कां ठेवावा, हा प्रश्न त्यांनीं स्वतःलाच घातला होता. साताऱ्यास राहून त्यांनीं देवाचा दरबार उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यांत एकत्र बसावे अशी त्यांची योजना होती. हा दरबार पुढें फार काळ टिकला नाहीं. त्यांचे सहकारी त्या वेळीं गोंधळले होते. कोणी त्यांना भाबडे म्हणत, कोणी हेकट. व्यवहाराच्या हिशेबानें पाहिल्यास तो प्रयत्न फसलाच. पण यशाच्या हिशेबानें पाहूं गेल्यास गुलगुथा टेंकडीवर तरी त्या शुक्रवारीं संध्याकाळीं काय उरलें होतें? एक रिकामा खांब, आणि पांगलेले शिष्य.

प्रकृति फारच बिघडली तेव्हां टिळकांना मुंबईस आणलें. ९ मे १९१९ रोजीं जे. जे. हॉस्पिटलांत त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या इच्छेप्रमाणें देहाचें दहन करण्यांत आलें. ख्रिस्ती मंडळींत त्या काळीं ही गोष्ट अगदींच नवीन होती, आणि कांहींना ती खटकलीही. परंतु ज्यानें परक्या रीतीला भारतीय ख्रिस्ती मनुष्याचें लक्षण मानण्यास जन्मभर नकार दिला, त्याला ती साजेशी होती.

टिळक गेले तेव्हां त्यांचें सर्वांत आवडतें काम अपुरें राहिलें होतें. १९०९ पासून ते ख्रिस्तायन नांवाचें महाकाव्य रचीत होते. ओवी छंदांत ख्रिस्ताचें समग्र चरित्र गावें, म्हणजे रामायणाप्रमाणें तें घरोघर वाचलें जाईल, असा त्यांचा मनोदय होता. पण इतर उद्योगांत तें मागें पडलें, आणि सुमारें दहा अध्याय होतात न होतात तोंच लेखणी थांबली. ख्रिस्ताच्या दुःखसहनापर्यंत, म्हणजे ज्या क्रूसानें टिळकांचें आयुष्य उलटेंपालटें केलें त्या क्रूसापर्यंत, ते पोंचलेच नाहींत.

लक्ष्मीबाई त्यांच्यामागें जवळजवळ सतरा वर्षें जगल्या. त्यांनीं आपल्या आयुष्याच्या आठवणी लिहिल्या, आणि १९३४ पासून त्या स्मृतिचित्रें या नांवानें पुस्तकरूपानें निघूं लागल्या. मराठींतील उत्कृष्ट आत्मचरित्रांत त्या पुस्तकाची गणना होते. त्यांत टिळकांचा संताप आहे, विसराळूपणा आहे, उधळेपणा आहे, न सांगतां निघून जाणें आहे. पण कडवटपणा शोधून सांपडत नाहीं. जिला इतकें सोसावें लागलें ती बाई सोसण्याचा प्रसंग सांगतां सांगतां वाचकाला हंसविते. क्षमा केली असें त्या कोठेंही लिहीत नाहींत. पालकांना आमची विनंति आहे कीं हें पुस्तक घरीं ठेवावें व सुटींत मुलांकडून मोठ्यानें वाचून घ्यावें; जोडाक्षरांचा सराव होईल तो निराळाच.

याच वर्षांत त्यांनीं दुसरें एक काम हातीं घेतलें होतें. नवऱ्याची अपुरी पोथी काढून, तो थांबला होता तेथून त्या पुढें लिहूं लागल्या. संस्कृताचा गंध नाहीं, शाळेचें शिक्षण नाहीं, दृष्टि व शरीर थकलेलें. पतीची भाषा प्रौढ, यांची साधी, घरांतल्या बोलण्यासारखी. सांधा कोठें आहे तें वाचणाऱ्याला कळतें, आणि तें कळूं नये असा प्रयत्नही त्यांनीं केलेला नाहीं. एकामागून एक त्यांनीं चौसष्ट अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या वारल्या, आणि १९३८ सालीं ख्रिस्तायन छापून प्रसिद्ध झालें. मोठ्या संस्कृतज्ञ कवीनें आरंभिलेल्या त्या ग्रंथांत येशूचा जन्म टिळकांच्या हातचा आहे. बागेंतली रात्र, खांद्यावरचें लांकूड, बळेंच धरलेला शिमोन आणि क्रूस हे लक्ष्मीबाईंच्या हातचे आहेत.